एका चाकाची दोन स्पेलिंगे

वाचकहो, सायकल ठाऊक नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मोटारसायकली आल्या, घरोघर उभ्या राहिल्या, तरी शाळेला जाणारी मुलगी अजून सायकलवरच जाते, आणि हँडलला किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला दूधवालाही अधूनमधून दिसतोच. तेव्हा सायकलीच्या टायरबद्दल मी तुम्हांला नवे काय सांगणार? पंक्चर कसे काढावे हे तुम्हीच मला शिकवाल. मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. मी सांगणार आहे ते टायरबद्दल नव्हे, तर टायर या शब्दाच्या स्पेलिंगबद्दल. विषय एवढासा दिसतो खरा. पण या एवढ्याशा विषयापायी माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. म्हणून आधी ती हकिकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची चाचणी परीक्षा होती. ‘एखाद्या उपयुक्त वाहनाविषयी दहा ओळी लिहा’ असा प्रश्न मी घातला होता. एका मुलाने सायकलीवर लिहिले आणि छानच लिहिले. त्याच्या वडिलांचे एस.टी. स्टँडजवळ सायकलदुरुस्तीचे दुकान. त्यामुळे त्याची सायकल पुस्तकातली नव्हती, हाताला काळे लागलेली होती. पण त्याने टायर हा शब्द दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्याचे स्पेलिंग केले : टी, आय, आर, ई. मी शाळेत शिकलो होतो टी, वाय, आर, ई. मी लाल शाईने दोन्ही शब्द खोडले आणि एक गुण कापला.

पेपर वाटल्यावर तो मुलगा वर्गात उभा राहिला. म्हणाला, “सर, आमच्या दुकानातल्या एका खोक्यावर असंच छापलंय.”

मी म्हणालो, “खोक्यावर काय वाट्टेल ते छापतात. परीक्षेला खोकं बसत नाही, तू बसतोस.”

वर्ग हसला. मुलगाही ओशाळून हसला आणि खाली बसला. त्यानंतर तीन आठवडे त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नाही.

खरे सांगायचे तर मलाही ते बोलणे टोचत राहिले होते. एका रविवारी मोठा शब्दकोश काढला, आणखी दोन पुस्तके चाळली. आणि जे वाचायला मिळाले त्याने माझी मलाच लाज वाटली. मुलाचे स्पेलिंग चूक नव्हतेच. उलट ते माझ्या स्पेलिंगाइतकेच जुने होते, आणि मधली दोनशे-अडीचशे वर्षे तर खुद्द इंग्लंडात तेच चालत होते!

ते कसे, हे समजून घ्यायचे तर सायकलीच्या आधी बैलगाडीकडे जावे लागेल. आपल्या गाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टा असतो. त्याला आपण ‘धाव’ म्हणतो. धाव कशी चढवतात हे जुन्या मंडळींनी पाहिले असेलच. लोहार चाकापेक्षा किंचित लहान असे कडे तयार करतो. गोवऱ्यांच्या विस्तवात ते लालभडक तापवतो. तापले की लोखंड फुगते, कडे मोठे होते. मग दोघे-तिघे मिळून ते चिमट्यांनी उचलतात, चाकावर बसवतात आणि वरून भराभर पाणी ओततात. चर्र आवाज होतो, वाफ उठते, लोखंड आकसते आणि लाकडाला अशी मिठी मारते की सगळे चाक आवळून एकजीव होते.

इंग्लंडातला चाके करणारा कारागीर अगदी हेच करीत असे. त्याच्याही आधी, सलग कडे न वापरता लोखंडाचे वाकवलेले तुकडे चाकाच्या कडेवर एकापुढे एक ठोकीत. पंधराव्या शतकापासून या लोखंडी वेष्टणाला इंग्रजीत ‘टायर’ हे नाव मिळालेले दिसते. हे नाव आले कोठून? पोशाख, साज या अर्थाचा ‘अटायर’ म्हणून एक इंग्रजी शब्द आहे. त्याचेच हे आखूड रूप, असे कोशकार मानतात. म्हणजे टायर हा चाकाचा पेहराव! आपण चाकाच्या त्याच भागात धावणे पाहिले, इंग्रजांनी नटणे पाहिले. रबराचा यात कोठेही संबंध नव्हता. रबरी टायर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी शब्द तयार होऊन बसला होता.

आता स्पेलिंगचे पाहा. त्या काळी इंग्रजीला ठरलेले असे स्पेलिंगच नव्हते. लिहिणारा कानाला पटेल तसे लिही, छापणारा आपल्या सवयीने छापी. टायर हा शब्द कोणी ‘आय’ने लिही, कोणी ‘वाय’ने. सतराव्या शतकात हळूहळू ‘आय’ची बाजू वरचढ झाली आणि पुढे इंग्लंडात टी, आय, आर, ई हेच रूढ झाले. इंग्लंडातून अमेरिकेत जाऊन वसलेले लोक आपल्याबरोबर जी इंग्रजी घेऊन गेले, तीत हे रूप होते. त्यांनी ते जपून ठेवले, एवढेच.

येथे कोणी शिक्षकबंधू विचारतील, की अमेरिकेने इंग्रजी स्पेलिंगे बदलली असे आम्ही ऐकतो, ते मग खोटे काय? ते खोटे नाही. त्याचे श्रेय, किंवा कोणी म्हणेल दोष, बऱ्याच अंशी एका शाळामास्तराकडे जातो. त्याचे नाव नोआ वेब्स्टर. हा कनेटिकट प्रांतातल्या वेस्ट हार्टफर्ड येथे १७५८ साली जन्मला. अमेरिका इंग्लंडपासून स्वतंत्र झाली तेव्हा हा तरुण मास्तर होता. राज्य आपले झाले, मग भाषाही आपली हवी, मुलांना आपल्या देशातली पुस्तके हवीत, असे त्याच्या मनाने घेतले. १७८३ साली त्याने मुलांसाठी स्पेलिंगचे एक पुस्तक काढले. त्याच्या लाखो प्रती खपल्या, पिढ्यान् पिढ्या त्यावर शिकल्या. १८०६ साली त्याने लहान कोश काढला. आणि १८२८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, सुमारे सत्तर हजार शब्दांचा दोन खंडांचा मोठा कोश पुरा केला.

वेब्स्टरचे सूत्र सोपे होते : उच्चारात नाही ते अक्षर शक्यतो ठेवू नये, आणि एका जातीच्या शब्दांना एकच नियम लावावा. म्हणून रंग या अर्थाच्या ‘कलर’ शब्दातला ‘यू’ त्याने काढला. ‘सेंटर’ आणि ‘फायबर’ या शब्दांच्या शेवटी इंग्लंडात आर, ई येते. त्याने ते उलटवून ई, आर केले. त्याच्या सगळ्याच सुधारणा लोकांनी घेतल्या असे मात्र नाही. जिभेला इंग्रजीत जो ‘टंग’ शब्द आहे, तो टी, यू, एन, जी असा सुटसुटीत लिहावा असे त्याने सुचवले होते. अमेरिकन लोकांनी ते हसण्यावारी नेले. आणि आपल्या शेतकऱ्याला रोज लागणारा ‘एकर’ शब्द घ्या. त्याच्या शेवटी दोन्ही देशांत आजही आर, ई असेच येते. कारण तेथे अक्षरे उलटवली, तर इंग्रजी वाचणारा ‘एकर’ऐवजी ‘एसर’ म्हणू लागेल. म्हणजे नियम कितीही तर्कशुद्ध असला, तरी शेवटी रूढीला विचारूनच पाऊल टाकावे लागते.

पण टायरच्या बाबतीत वेब्स्टरने काहीच बदलले नाही. त्याच्या १८२८ च्या कोशात हा शब्द ‘आय’नेच आहे, आणि चाकाला आवळून धरणारा लोखंडी पट्टा असा त्याचा अर्थ दिलेला आहे. येथे बदलले ते इंग्लंड.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आगगाडी आली. तिच्या चाकांना लोखंडी धावा लागत. त्या सुमारास जुने, मागे पडलेले ‘वाय’चे रूप तेथे पुन्हा डोके वर काढू लागले. मग सायकल आली. १८८५ साली कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बनवली. आपण आज चालवतो ती सायकल ही तिचीच नात म्हणायला हरकत नाही. पण तिची धाव भरीव रबराची होती. खडबडीत रस्त्यावर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत.

पुढची गोष्ट बेलफास्ट शहरातली. जॉन बॉइड डनलॉप हा तेथे गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणके देई. १८८७ साली डनलॉपने पातळ रबराची नळी करून चाकाभोवती गुंडाळली, तीत हवा भरली, वरून कापड लावले, आणि मुलाचे दणके थांबले! १८८८ साली त्याने या शोधाचे पेटंट घेतले. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती, हे मागाहून उजेडात आले आणि डनलॉपचे पेटंट टिकले नाही; पण धंदा टिकला. १८८९ साली डब्लिन येथे हवेच्या टायरांची जी कंपनी निघाली, तिच्या नावातच टायर शब्द ‘वाय’ने लिहिलेला होता. कंपनीच्या नावात, जाहिरातीत, दुकानाच्या पाटीवर आणि खुद्द रबरावर जे अक्षर उठते, तेच लोकांच्या डोळ्यांत बसते. कोशकाराला विचारतो कोण?

अमेरिकेत काय झाले? तेथे सायकलींचा धंदा जोमाने सुरू केला तो आल्बर्ट पोप याने. त्याने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात इंग्लंडहून आलेल्या सायकली पाहिल्या. १८७८ पासून हार्टफर्ड येथे, शिवणयंत्रांच्या एका कारखान्यात, तो आपल्या ‘कोलंबिया’ सायकली करून घेऊ लागला. हे हार्टफर्ड म्हणजे वेब्स्टरच्या जन्मगावाला लागून असलेलेच शहर. त्याचे स्पेलिंगचे पुस्तक प्रथम छापले गेले तेही येथेच. यंत्र इंग्लंडचे आले, शब्द मात्र घरचाच राहिला. पुढे ओहायो प्रांतातल्या ॲक्रन शहरी १८९८ साली गुडइयर आणि १९०० साली फायरस्टोन या कंपन्या निघाल्या. दोघींच्या नावांत टायर ‘आय’ने. आता अमेरिकेतही अक्षर रबरावर उठले आणि पक्के झाले.

आणि खुद्द इंग्रज विद्वान काय म्हणत होते? १९११ साली ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या विश्वकोशाची अकरावी आवृत्ती निघाली. तिने तर निर्वाळा दिला, की ‘वाय’चे रूप इंग्लंडातल्या उत्तम जाणकारांना मान्य नाही. १९२६ साली फाउलर याने इंग्रजीच्या वापराविषयी आपला प्रसिद्ध कोश लिहिला. त्याचेही मत हेच, की ‘वाय’च्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही, शब्दाच्या व्युत्पत्तीलाही ते धरून नाही. पण पंडित सांगत राहिले आणि लोक ‘वाय’ लिहीत राहिले. आज इंग्लंडात ‘आय’ लिहिणारा माणूस चुकला असेच समजतात. म्हणजे जे रूप विश्वकोशाने अमान्य ठरवले होते, त्याच रूपाच्या जोरावर मी माझ्या विद्यार्थ्याचा गुण कापला!

सायकलीचा दुसरा एक भाग घ्या. हल्ली चाकाची रिम, हँडल, कधी कधी सगळा सांगाडाच ॲल्युमिनियमचा असतो. या धातूचेही दोन देशांत दोन थाट आहेत. इंग्रज ‘ॲल्युमिनियम’ म्हणतो आणि लिहितो. अमेरिकन माणूस त्यातला एक ‘आय’ गाळून ‘अल्युमिनम’ म्हणतो. आपण म्हणणार, अमेरिकनांनी शब्द छाटला. पण इतिहास उलटे सांगतो. हम्फ्री डेव्ही हा इंग्लंडचा थोर रसायनशास्त्रज्ञ. धातू हाती लागण्यापूर्वीच त्याने १८०८ साली त्याला ‘अल्युमियम’ नाव सुचवले आणि १८१२ च्या आपल्या ग्रंथात बदलून ‘अल्युमिनम’ केले. त्याच वर्षी एका इंग्रज परीक्षणकाराने लिहिले, की याला ‘ॲल्युमिनियम’ म्हणावे, ते कानाला अधिक भारदस्त लागते. सोडियम, पोटॅशियम यांच्या पंगतीला ते शोभलेही. इंग्लंडने परीक्षणकाराचे ऐकले. अमेरिकेत बराच काळ दोन्ही रूपे चालली. अखेर १९२५ साली तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने डेव्हीचे रूप अधिकृत केले. पुढे जागतिक संघटनेने १९९० साली ‘ॲल्युमिनियम’ हे प्रमाण ठरवले, आणि १९९३ साली दुसरे रूपही चालेल असे मान्य केले. दोन वैज्ञानिक दोन रूपे लिहितात, पण दोघांचा धातू एकच वितळतो.

शर्यतीच्या महागड्या सायकलींचा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. तेथे मात्र वेब्स्टरचा हात दिसतो : इंग्लंडात शेवटी आर, ई, अमेरिकेत ई, आर. टायरमध्ये अमेरिकेने जुने राखले, ॲल्युमिनियममध्ये शास्त्रज्ञाचे स्वतःचे रूप राखले, फायबरमध्ये मुद्दाम बदल केला. ‘अमेरिकन म्हणजे बिघडवलेले’ किंवा ‘ब्रिटिश म्हणजे जुने आणि अस्सल’ असा सरसकट नियम येथे लागत नाही. प्रत्येक शब्दाची कुंडली वेगळी. आणि हेही ध्यानात ठेवा, की चेन, पेडल, स्पोक, ब्रेक, बेल, हँडल या शब्दांची स्पेलिंगे दोन्ही देशांत सारखीच आहेत. वाद आहे तो मोजक्या अक्षरांचा.

मग आपल्याकडे ‘वाय’ आला कसा? उघड आहे. आपली इंग्रजी शाळा इंग्रजांनी काढली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. पुस्तके तिकडची आणि सायकलीही बऱ्याच काळपर्यंत तिकडच्याच. आपण चाकावरच्या पत्र्याला ‘मडगार्ड’ म्हणतो. अमेरिकन माणूस त्याला ‘फेंडर’ म्हणतो. आपला सायकलवाला ‘फेंडर’ म्हणत नाही, यातच सायकल आपल्याकडे कोणत्या बंदरातून आली ते कळते. आज मात्र मुलांच्या डोळ्यांपुढे दोन्ही इंग्रजी एकाच वेळी येतात. पाठ्यपुस्तकात एक, मोबाइलवर दुसरी. संगणक अमेरिकन इंग्रजीवर लावलेला असला, तर तो आपल्या शाळेत शिकवलेल्या ‘कलर’खालीही तांबडी रेघ ओढतो. मुलाने विश्वास ठेवायचा कोणावर? गुरुजींच्या लाल शाईवर, की यंत्राच्या तांबड्या रेघेवर?

हा पेच आपल्याला अगदी परका आहे असेही नाही. मघाशी ‘धाव’ शब्द आला. जुन्या मराठी पुस्तकांत तो ‘धांव’ असा, डोक्यावर अनुस्वार देऊन लिहीत. गांव, नांव यांनाही टिंब असे. उच्चारात न येणारी ही टिंबे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेली. आजोबांनी टिंब दिले, नातवाने दिले नाही. म्हणून आजोबांचे पत्र अशुद्ध ठरते काय? किंवा त्या पत्रातली धाव चाकावरून निखळते काय? नाही. त्या काळी तो नियम होता, आज हा आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, याचा अर्थ ‘काहीही लिहा, सगळे चालते’ असा मात्र नाही. मी माझ्यापुरते तीन नियम केले आहेत, ते तुमच्यापुढे ठेवतो. पहिला : आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश धाटणीची स्पेलिंगे आहेत, तेव्हा वर्गात तीच शिकवावीत. दुसरा : एका निबंधात एकच धाटणी पाळावी, वर ‘कलर’ इंग्लंडचा आणि खाली ‘सेंटर’ अमेरिकेचा, अशी धेडगुजरी नको. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा : मुलाने दुसऱ्या धाटणीचे स्पेलिंग लिहिले तर त्यावर काट मारू नये. खाली साधी रेघ ओढावी आणि बाजूला लिहावे, ‘हे अमेरिकेत चालते, आपण असे लिहितो.’ चूक आणि चाल यांतला फरक मुलाला कळला, की त्याने अर्धी भाषा जिंकली. टायर शब्द टी, ए, वाय, आर असा लिहिला तर ती चूक. तेथे लाल शाई जरूर वापरा.

आता त्या मुलाचे सांगून पुरे करतो. त्या सोमवारी मी कोश घेऊनच वर्गात गेलो. सगळ्यांसमोर सांगितले, की त्या दिवशी चुकलो तो मी, हा मुलगा नव्हे. त्याचा एक गुण वाढवला, गुणपत्रकात दुरुस्ती करून सही केली. मुलगा उभा राहिला, “ठीक आहे, सर” एवढे म्हणाला आणि बसला. मला वाटले होते त्याचा चेहरा खुलेल. तसे काही झाले नाही. गुण परत देता येतो. वर्ग जे हसला, ते परत घेता येत नाही.

पुढे दोन-एक आठवड्यांनी माझ्या सायकलचे मागचे चाक बसले, म्हणून मी त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो. मुलगाच होता. त्याने चाक खोलले, ट्यूब पाण्यात धरली, भोक शोधले, ठिगळ लावले. मग फळीवरून एक खोके काढून माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, “सर, हे बघा. आणि हे दुसरं बघा.” एका खोक्यावर ‘आय’ होता, दुसऱ्यावर ‘वाय’. दोन्ही खोक्यांतली टायरे एकाच मापाची होती. मी विचारले, “मग गिऱ्हाइकाला देताना तुम्ही कुठलं देता?”

“ज्याच्या चाकाला बसेल ते,” तो म्हणाला, आणि हवा भरू लागला.